इशारा : वाशीम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना तीस दिवसांची मुदत

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतले प्राचार्य, संस्थाचालक, वसतिगृहांचे अधीक्षक, खासगी क्लास आणि पोलीस भरती अकॅडमी चालवणारे यांना हा जाहीर इशारा आहे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे कुलगुरू यांनीही तो आपल्यासाठीच आहे असं समजून वाचावा. आम्ही याच जिल्ह्यातले पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी आहोत.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. लैंगिक अत्याचार सोसलेली मुलगी तुमच्या दारात आली, की त्या क्षणापासून ती एकटी पडता कामा नये. ज्या संस्थेत ती एकटी पडेल, त्या संस्थेला आम्ही मोकळं सोडणार नाही.

अशा वेळी काय होतं हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलगी धीर करून एखाद्या मॅडमना सांगते. मॅडम हळू आवाजात विचारतात, "घरी माहीत आहे का?" दुपारपर्यंत गोष्ट कार्यालयातल्या बाबूंकडून संस्थेच्या सचिवांपर्यंत जाते. संध्याकाळी वडिलांना फोन जातो. दुसऱ्या दिवशी वडील, काका आणि गावातले एक-दोन जाणते प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसलेले असतात. चहा येतो आणि बोलणं मुलीच्या लग्नापासून सुरू होतं. पोरीची जात आहे, गावात बोभाटा होईल, सर माफी मागायला तयार आहेत, त्यांनाही लेकरं आहेत. तासाभरात प्रकरण 'मिटतं'. महिन्याभरात मुलीचा टीसी निघतो, किंवा ती यायचीच बंद होते. ज्याच्याविरुद्ध ती बोलली, तो त्याच वर्गात तास घेत राहतो.

तक्रार समितीपर्यंत गेली तरी खेड्यातल्या मुलीची वाट सोपी नसते. ती एसटीच्या पासवर येते. समिती तिला चार वाजता बोलावते, सदस्य जमेस्तोवर पाच वाजतात आणि तिच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. तिनं जबाब द्यायचा की गाडी धरायची? गाडी चुकली तर घरी काय सांगायचं, घरी तर अजून कुणाला काही माहीत नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती येत नाही. मग फायलीवर शेरा पडतो : 'तक्रारदार गैरहजर, प्रकरण नस्तीबद्ध.' त्या शेऱ्याखाली सही करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारतो, तिच्या गाडीची वेळ तुम्ही विचारली होती का?

कायदा काय म्हणतो ते आता ऐका, कारण 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर यापुढे चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयांसाठीचे वेगळे विनियम २ मे २०१६ पासून लागू आहेत. त्यानुसार अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक हव्यात. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बाहेरच्या सामाजिक संस्थेचा सदस्य हवा. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. विभागप्रमुख, अधिष्ठाता अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या माणसांना समितीत बसता येत नाही. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जायला हवी, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, आणि अहवाल आल्यावर तीस दिवसांत कारवाई व्हायला हवी. मुलीला पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हे याच समितीचं काम आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असंही हे विनियम सांगतात. ते फक्त मुलींपुरते नाहीत. अत्याचार सोसणाऱ्या मुलांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही त्यांचं संरक्षण आहे.

'आवाराबाहेर घडलं, आमचा काय संबंध' ही पळवाटही बंद आहे. अभ्याससहल, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, क्रीडा स्पर्धा, युवा महोत्सव आणि महाविद्यालयानं ये-जा करायला दिलेली गाडी, हे सगळं विनियमांनुसार महाविद्यालयाचंच आवार आहे.

आता सर्वांत गंभीर बाब. जिल्ह्यातल्या बहुतेक महाविद्यालयांना जोडून अकरावी-बारावीचे वर्ग आहेत. तिथल्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या असतात. त्यांच्याबाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि त्यात प्राचार्यांना 'आधी आपसात बघू' म्हणण्याची मुभाच नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला ज्याला माहिती झाली, त्यानं ती पोलिसांना द्यायलाच हवी. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा फक्त पुस्तकात आहे असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा ठपका असलेल्या डॉक्टरांविरुद्धचा खटला नागपूर खंडपीठानं रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. राजुरा आपल्याच विदर्भात आहे.

आजूबाजूच्या जिल्ह्यांकडे पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात, पाळा इथल्या आश्रमशाळेतला अत्याचार उघड झाला. आदिवासी मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी गेली, तेव्हा कुठे तिला बोलता आलं.  अटक झालेल्यांत मुख्याध्यापकही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या काजीखेडच्या जिल्हा परिषद शाळेत सहा मुलींच्या तक्रारीवरून शिक्षकाला अटक झाली. त्याच दिवसांत बदलापूरच्या पालकांना चिमुकल्या मुलींची तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले.

समिती नेमली म्हणजे काम झालं, असं वाटणाऱ्यांनी ओडिशातलं बालासोर आठवावं. तिथल्या फकीर मोहन महाविद्यालयाच्या बी. एड. च्या विद्यार्थिनीनं विभागप्रमुखाविरुद्ध रीतसर तक्रार केली होती. तिथे समिती होती, प्राचार्य होते, निवेदनंही देऊन झाली होती. १२ जुलै २०२५ रोजी तिनं आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली. या प्रकरणात विभागप्रमुखाला आणि प्राचार्यांनाही अटक झाली. समितीच्या फायलीला तिचा जीव वाचवता आला नाही, कारण त्या फायलीतल्या कुणीही तिच्या शेजारी उभं राहिलं नाही.

प्राध्यापकांनो, 'आमच्या हातात काय आहे' असं म्हणू नका. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. तेव्हा, सप्टेंबर १९७९ मध्ये, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून जाब विचारणारे चौघे कायद्याचे अध्यापक होते : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पीडितेची ओळख छापण्यावरची बंदी त्याच दुरुस्तीतून आली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या अपमानास्पद वैद्यकीय तपासणीचा अभ्यास करून तो जाहीरपणे मांडला. त्यावर नागपूर खंडपीठात डॉ. रंजना पारधी यांची जनहित याचिका गेली आणि राज्याला तपासणीचे नियम बदलावे लागले. ते चौघे आणि डॉ. खांडेकर, हे सगळे पगारी शिक्षकच होते, आणि त्यांनी तोंड उघडलं.

आमच्या मागण्या अशा आहेत. यातली एकही वाटाघाटीसाठी नाही.

पहिली. समितीची रचना विनियमांप्रमाणे करा. सदस्यांची नावं आणि फोन क्रमांक प्रवेशद्वाराशी, मुलींच्या कॉमन रूममध्ये, वसतिगृहात आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत लावा. निवृत्त झालेल्या मॅडमचं नाव फलकावर तसंच असेल, तर ती समिती अस्तित्वात नाही असंच आम्ही धरू. तक्रारपेटी प्राचार्यांच्या केबिनबाहेर, कॅमेऱ्याखाली टांगू नका. तिची किल्ली कारकुनाकडे नको, समितीच्या अध्यक्षांकडेच हवी.

दुसरी. प्रत्येक महाविद्यालयानं किमान दोन आधारव्यक्ती लेखी आदेशानं नेमाव्यात. मुलगी तक्रार घेऊन आली की त्या दिवशी त्यांना तासिकांतून मोकळं करा. रुग्णालय, पोलीस ठाणं, समितीची बैठक, न्यायालय, जिथे जिथे मुलगी जाईल तिथे आधारव्यक्ती सोबत जाईल. गाडीचा खर्च संस्था करेल. बैठकीची वेळ मुलीच्या एसटीच्या वेळेवर ठरेल, आणि उशीर झालाच तर तिला घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी संस्थेची.

तिसरी. तिचं शिक्षण एका दिवसानंही तुटता कामा नये. विनियमांप्रमाणे तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. ती हजेरीतून कापू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात तिचे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा राहता कामा नये. या गुणांच्या धाकानंच अनेक मुली गप्प बसतात, हे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. टीसी काढायचा असेल तर तो तिचा काढू नका.

चौथी. मिटवामिटवी बंद. मुलगी सज्ञान असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय घरी, गावात किंवा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना फोन जाणार नाही. पोलिसांत जायचं की नाही, हा निर्णय तिचा असेल. मुलगी अठराच्या आतली असेल तर त्याच दिवशी पोलिसांना कळवलं जाईल, त्यात कुणाची मर्जी विचारायची नाही. पैसे देऊन समेट घडवायला २०१३ च्या कायद्याची सरळ मनाई आहे.

पाचवी, क्लास, अभ्यासिका आणि भरती अकॅडमीवाल्यांसाठी. पहाटे साडेचारला मैदानावर मुलींना धावायला बोलावता, तर त्या मैदानाची जबाबदारीही तुमची. दहापेक्षा कमी माणसं कामाला असल्यामुळे समितीची सक्ती नाही म्हणून तुम्ही सुटत नाही. तुमच्याविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता आणि फोन तुमच्या भिंतीवर दिसला पाहिजे.

सहावी, प्रशासनासाठी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमून स्थानिक समित्या उभ्या करण्याच्या तारखा घालून दिल्या, त्या उलटून गेल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं प्रत्येक तहसील कार्यालयात आणि बसस्थानकावर लावावीत. पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक ठाणेदाराला लेखी बजावावं, की हद्दीचं कारण सांगून मुलीला परत पाठवायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं या पीडितांच्या तपासणीसाठी प्रशिक्षित महिला डॉक्टर चोवीस तास मिळतील अशी व्यवस्था जाहीर करावी.

ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या हक्कांबद्दल विचारणाऱ्यांना आमचं उत्तर सरळ आहे. त्यालाही तक्रारीची प्रत, बाजू मांडायची संधी आणि पूर्ण चौकशी मिळालीच पाहिजे. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावरची कारवाई रद्द केली, कारण समितीनं चौकशी घाईघाईत उरकली होती. त्याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या समित्यांच्या दुरवस्थेवर कोरडे ओढले. ढिली समिती मुलीवरही अन्याय करते आणि आरोपीवरही. म्हणून सदस्यांना प्रशिक्षण द्या, बैठकीचं इतिवृत्त लिहा आणि प्रत्येक कागदावर तारीख घाला.

हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून तुमच्याकडे तीस दिवस आहेत. एकतिसाव्या दिवशी आम्ही पुढच्या गोष्टी करू, आणि त्या टप्प्याटप्प्यानं नाही, एकदमच करू.

प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज जाईल. समितीच्या नेमणुकीचा आदेश, बैठकांच्या तारखा आणि वार्षिक अहवाल आम्ही मागू. मुलींची नावं मागणार नाही आणि मिळाली तरी घेणार नाही. ज्या संस्थेत समिती नसेल, तिच्याविरुद्ध २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ खाली तक्रार होईल. पहिल्यांदा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आणि विद्यापीठाकडे नियमभंगाची कागदपत्रं जातील. विनियम न पाळणाऱ्या महाविद्यालयाचं अनुदान रोखण्याचा आणि त्याचं नाव यादीतून काढण्याचा अधिकार आयोगाला आहे. अल्पवयीन मुलीचं प्रकरण दाबल्याचा पुरावा हाती आला, तर दाबणाऱ्यावर पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा नोंदवायला लावू. ठाण्यानं नकार दिला तर न्यायालयात जाऊ, आणि गरज पडली तर नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल करू. नियम न पाळणाऱ्या संस्थांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर भरदुपारी जाहीर वाचली जाईल. नवीन प्रवेशांच्या वेळी हीच यादी गावोगावच्या पालकांच्या हातात असेल.

आमच्या आंदोलनात एकही दगड उचलला जाणार नाही, कुणाच्या घरावर मोर्चा जाणार नाही आणि कुठल्याही मुलीचं नाव, गाव किंवा छायाचित्र फिरणार नाही. तिची ओळख उघड करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हॉट्सॲपवर नाव पुढे ढकलणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. ते आमच्या बाजूचे असले तरी आम्ही त्यांना पाठीशी घालणार नाही.

आता पोरींनो, तुमच्याशी. काही घडलं तर चूक तुमची नाही. शक्य असेल तर लगेच सरकारी रुग्णालयात जा. आधी गुन्हा नोंदवलेला असायला हवा असं नाही, तपासणी आणि उपचार तरीही मिळतात आणि ते फुकट असतात. खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून सोबत न्या. धुतले असतील, आंघोळ झाली असेल, तरीही जा. एचआयव्ही टाळायची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि गर्भधारणा टाळायची गोळीही जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी पडते, म्हणून वेळ घालवू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, अठराच्या आतल्यांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. मन फार खचलं, जगू नये असं वाटलं, तर १४४१६ वर बोला, तिथे कुठल्याही वेळी माणूस भेटतं. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहायची सोय, समुपदेशन आणि कायद्याची मदत एकाच जागी मिळते. मनोधैर्य योजनेचं अर्थसाह्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. समितीकडे तक्रारीची मुदत साधारण तीन महिने आहे, आणि कारण असेल तर ती वाढते. पोलिसांसाठी अशी तीन महिन्यांची अट नाही. बोलायला उशीर झाला म्हणून गप्प बसू नका.

आणि आयाबायांनो, मायबापांनो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुम्हाला बोलावून लग्नाचा विषय काढला, तर चहाचा कप खाली ठेवा आणि उठा. मुलीला विचारा, तिला काय हवं आहे. तिचं कॉलेज बंद करून तिला घरी बसवलंत, तर शिक्षा तिला होते आणि गुन्हेगार मोकळा राहतो. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली, ती मुलींनी शिकावं म्हणून. ते शिक्षण एका माणसाच्या गुन्ह्यापायी सोडू नका.

प्राचार्य महोदय, संस्थाचालक, तुम्हाला आज दोन कागद काढायचे आहेत : समितीच्या फेररचनेचा आदेश आणि आधारव्यक्तींच्या नेमणुकीचा आदेश. दोन्हींना मिळून एक दुपार लागते. त्या कागदांच्या प्रती तीस दिवसांच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवा आणि पोच घ्या. ज्यांची पोच असेल, त्यांच्या खांद्याला खांदा लावून आम्ही काम करू, प्रशिक्षणाला माणसं देऊ, रात्री-अपरात्री रुग्णालयात मुलीसोबत बसायलाही येऊ. ज्यांची पोच नसेल, त्यांची गाठ एकतिसाव्या दिवसापासून आमच्याशी आहे.

— वाशीम जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी